केस वाळेपर्यंत

संशोधन केंद्रात तिला सगळे 'तळटीप' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही नव्हता. नाव चपखलच होतं. "आज ऊन आहे" एवढं साधं वाक्यसुद्धा तिला एकटं सोडवत नसे. "आज ऊन आहे, म्हणजे निदान आपल्या खिडकीतून तरी तसं दिसतंय, पलीकडच्या बाजूचं मी सांगू शकत नाही," असं ती म्हणायची. लग्नाआधी नवऱ्याने "मी तुला आवडतो का?" असं विचारलं होतं, तेव्हा तिचं उत्तर संपेपर्यंत दोघांचा चहा गार झाला होता. उत्तर 'हो' असं होतं, हे त्या बिचाऱ्याला शेवटी शेवटी कळलं.

माणसं आपलं गाव, आपला देश सोडून दुसरीकडे जातात आणि तिथे रुजतात कशी, हा तिच्या अभ्यासाचा विषय. कागदावर त्याला 'स्थलांतर आणि सामाजिक समावेशन' म्हणतात. सासूबाईंना काही ते म्हणायला जमत नसे. त्या शेजारणीला सांगत, "आमची सून लोकांना विचारत फिरते, तुम्ही कुठून आलात, का आलात आणि किती दिवस राहणार?" त्यावर शेजारीण आवाज खाली आणून म्हणाली होती, "पोलिसात आहे का हो?"

फिरत मात्र ती कधीच नव्हती. मुलाखती घ्यायला दुसरे जात. तळटीप तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, न उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून त्या मुलाखतींचा अर्थ लावी. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोकांच्या समावेशनावर तिने इतकं लिहिलं होतं, पण स्वतः लग्न होऊन या शहरात आली त्याला कितीतरी वर्षं झाली तरी नवऱ्याशी बोलताना ती अजून "तुमच्या शहरात" असंच म्हणे. घरी तिच्याकडे म्हणून कुणी येत नसे. तिला ते फारसं जाणवतही नसे, कारण वाचायला पुष्कळ होतं.

मग नवा प्रकल्प आला. शहरातले जुने लोक आणि बाहेरून आलेले नवे लोक खरोखर एकमेकांना भेटतात कुठे, हे शोधायचं होतं. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, ते उंच, गोरेगोमटे आणि सदा खुशीत असलेले गृहस्थ होते. निधीचा वास त्यांना दोन मजल्यांवरून येई. त्यांनी बैठकीत जागा वाटून दिल्या. एकाला वाचनालय, एकीला बाजार, एकाला शाळेचं फाटक. तळटीप पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली होती. परत आली तेव्हा एकच जागा उरली होती: नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव, सकाळची बायकांची वेळ.

"पण सर, मला पोहता येत नाही. म्हणजे, मी प्रयत्न केलेला नाही, त्यामुळे येत नाही असं ठामपणे म्हणणंही..."

"तुम्हाला कुठे पोहायचंय?" सर म्हणाले. "काठावर उभं राहून बघायचंय फक्त!"

पहिल्याच सकाळी ती काठावर उभी राहिली. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात प्रश्नावली. हिरवट पाणी, ओल्या फरशीचा वास आणि पाण्यातल्या औषधाने झोंबणारे डोळे. एक बाई पोहत काठाशी आली तशी तळटीप खाली वाकली आणि तिने विचारलं, "या शहराशी तुमची कितपत नाळ जुळली आहे असं वाटतं? एक ते पाचमध्ये सांगा." बाईने तिच्याकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि सरळ पाण्याखाली बुडी मारली. निघाली ती पलीकडच्या टोकाला.

तेवढ्यात कान फाटतील अशी शिट्टी वाजली. तलावावर पहारा करणारी आणि पोहायला शिकवणारी बाई होती ती. ठेंगणी, रुंद खांद्यांची. तिचं बोलणं निम्मं शिट्टीतूनच व्हायचं, म्हणून बायका तिला शिट्टीताई म्हणत.

"बूट बाहेर!"

"मी संशोधनासाठी आलेय. माझ्याकडे पत्र आहे."

"पत्राला पोहता येतं का?" शिट्टीताई म्हणाली. "इथे दोनच जाती. पाण्यातल्या आणि बाहेरच्या. पाण्यात उतरा, नाहीतर दाराबाहेर उभ्या राहा. उगाच काठावर घुटमळायचं नाही, कुणीतरी घसरून पडतं."

घरी ही गोष्ट सांगितल्यावर नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. तो औषधाच्या दुकानात काम करायचा, मनाने साधा होता. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मग उतर की. पगार घेतेस ना? आणि बुडालीस तर ती शिट्टीवाली काढेल. तिचं कामच आहे ते."

सासूबाई स्वतः तिच्याबरोबर दुकानात गेल्या आणि पोहण्याचा पोशाख निवडून घेऊन आल्या. तळटीपला करडा हवा होता. आणला तो लालभडक. "बुडणारं माणूस लांबून दिसलं पाहिजे," हा सासूबाईंचा मुद्दा बिनतोड होता.

अशी ती पाण्यात उतरली. कमी पाण्याच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, हातात फळी धरून पाय मारायला शिकू लागली. पहिल्या दिवसांत ती इतकं पाणी प्याली की शिट्टीताई म्हणाली, "बाई, तलाव सगळ्यांचा आहे, थोडं शिल्लक ठेवा." पाण्यात प्रश्नावली नेता येत नाही, पेन चालत नाही आणि नाकात पाणी गेलेल्या माणसाला लांबलचक वाक्यं सुचत नाहीत. त्यामुळे तळटीप आयुष्यात पहिल्यांदा नुसतीच बघू लागली.

दिसत मात्र काहीच नव्हतं. शहरातल्या जुन्या बायका खोल बाजूला, दोऱ्या बांधलेल्या पट्ट्यांतून मुकाट्याने येरझाऱ्या घालायच्या. नव्या बायका उथळ बाजूला घोळका करून आपापल्या भाषेत बोलायच्या. मधली दोरी कुणी ओलांडत नव्हतं. आठवडे गेले. 'पाण्यात भेटीगाठी होत नाहीत' एवढं एकच वाक्य तिच्याजवळ जमा झालं. सर विचारायचे, "काय, किती खोल गेलात?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे.

मग एकदा तिला कळलं की आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय.

कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर केस वाळवायचे सहा ड्रायर होते. त्यातले पाच बंद. चालू होता तो शेवटचा, दाराजवळचा, आणि तोही खोकत खोकत चालायचा. समोर एक लांब लाकडी बाक. बाहेर थंडी, ओल्या डोक्याने जायची सोय नाही. त्यामुळे जुन्या काय नि नव्या काय, सगळ्या बायका डोक्याला पंचा गुंडाळून त्या बाकावर आपापला नंबर यायची वाट बघत बसायच्या. तळटीपचे केस दाट, त्यामुळे तिला सगळ्यांत शेवटी नंबर लावायची शिक्षाच झाली होती. आणि त्या शिक्षेतच तिला घबाड सापडलं.

बाकावर तिच्या एका बाजूला बसायची पाववाली. चौकातली बेकरी तिची. तिच्या आजीच्याही आधीपासून तिचे लोक याच शहरातले. आवाज असा की भट्टीच्या आवाजावर चढवायची सवय झालेली. दुसऱ्या बाजूला नर्स. ती परदेशातून येऊन इस्पितळात लागली होती आणि इथली भाषा रोग्यांकडूनच शिकली होती. त्यामुळे तिला दुखण्याचे सगळे शब्द यायचे, बाकीचे नाही. कुणी भेटलं की ती "नमस्कार"च्या जागी अगदी प्रेमाने विचारायची, "कुठे दुखतंय? कधीपासून?"

पहिल्यांदा हे ऐकल्यावर पाववाली दचकली आणि म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" तिचा घोटा खरंच महिनाभर सुजलेला होता. नर्सने तिथल्या तिथे खाली बसून तो दाबून पाहिला आणि म्हणाली, "हे आजच दाखवा. उद्या नाही." पाववालीने दाखवलं. औषध वेळेवर सुरू झालं म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर पाववाली नर्सची जन्माची मैत्रीण झाली. नर्सच्या घराचं छत गळत होतं आणि घरमालक दाद देत नव्हता. ते कळताच पाववालीने डोक्याला पंचा तसाच ठेवून, दारापाशी जाऊन त्याला फोन लावला. काय बोलली ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, पण घरमालक लहानपणी तिच्याच बेकरीतून पाव चोरताना सापडला होता, हा मुद्दा त्यात ठळकपणे आला. छत त्याच आठवड्यात दुरुस्त झालं.

आणि आजीबाई होत्या. कुठल्याशा डोंगराळ मुलखातून मुलीकडे आलेल्या. त्यांना इथला एकच शब्द येत होता: "बस." ज्या बाईचे केस मोकळे दिसतील तिचा दंड धरून त्या म्हणत, "बस." बाई बसली की मागे उभं राहून तिची अशी घट्ट, सुरेख वेणी घालत की दोन दिवस हलायची नाही. वेणी झाली की पाठीवर थाप मारून पुन्हा म्हणत, "बस!" एका शब्दात सगळा कारभार. तळटीपचीही वेणी झाली. त्या दिवशी केंद्रात सर म्हणाले, "आज काही वेगळंच दिसतंय," आणि तिने चक्क काहीही खुलासा केला नाही.

सहामाही अहवाल लिहायची वेळ आली. तळटीपने मन लावून लिहिला. बाकाबद्दल लिहिलं, घोट्याबद्दल लिहिलं, नाव न घेता घरमालकाबद्दलही लिहिलं. आणि सवयीप्रमाणे एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकलं की सहांपैकी पाच ड्रायर नादुरुस्त असल्याने वाट पाहण्याचा काळ वाढतो. अहवालाची एक प्रत नगरपालिकेकडे गेली.

नगरपालिकेत तो अहवाल कुणी वाचला देव जाणे, पण वाचणाऱ्याने नेमकी तेवढी ओळ वाचली.

पुढच्याच आठवड्यात बायका पोहून आल्या तर भिंतीवर सहा नवे कोरे, चकचकीत ड्रायर! पहिल्या दिवशी सगळ्या हरखल्या. बटण दाबलं की वाऱ्याचा असा झोत की केस सोडाच, भुवयाही वाळाव्यात. दुसऱ्या दिवशी कुणी वाट बघितली नाही. तिसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. बायका यायच्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, सहा यंत्रांच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, आणि केस वाळले की निघून जायच्या. आजीबाई हातात कंगवा घेऊन बाकावर एकट्या बसायच्या.

आणि सर? सर तर हवेतच होते.

"अभिनंदन!" त्यांनी तिला जिन्यातच गाठलं. "संशोधनाचा समाजावर प्रत्यक्ष परिणाम! किती वर्षं वाट बघतोय मी या क्षणाची. आपण लिहिलं आणि सहा ड्रायर लागले!"

"पण सर, त्यामुळे सगळं बंद पडलंय. म्हणजे ड्रायर चालू झाले आणि माणसं बंद झाली."

"ते शेवटच्या अहवालात बघू. आधी फोटो. नगरपालिकेच्या अधिकारीबाई येणार आहेत."

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, असं झालं होतं. रात्रभर तिला चैन पडलं नाही. सकाळी ती तलावावर गेली, पोहायच्या आधीच बाकावर उभी राहिली आणि घसा खाकरला. घरघर अजून सुरू झाली नव्हती.

"ते ड्रायर," ती म्हणाली, "माझ्यामुळे आले. मी अहवालात लिहिलं होतं."

पाववाली हळूहळू वळली. "तू तक्रार केलीस?"

"तक्रार नव्हती, निरीक्षण होतं."

"अगं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! इतकी शिकलेली तू, आणि तुला एवढं कळू नये? चांगलं चाललेलं बघवत नाही का गं तुम्हा लोकांना? बघितलंस ना? मग बघायचं आणि गप्प बसायचं!"

"गप्प बसायचे मला पैसे मिळत नाहीत," तळटीप रडवेली होऊन म्हणाली.

यावर आधी नर्स हसली. मग पाववालीचा चेहरा सुटला आणि तीही हसत सुटली. "कुठे दुखतंय?" नर्सने विचारलं. "इथे," तळटीप छातीवर हात ठेवून म्हणाली. "झाडीन तुला पुन्हा कधीतरी," पाववाली म्हणाली, "आता खाली उतर, बाक मोडेल."

फोटोचा दिवस उजाडला. अधिकारीबाई आल्या. त्या चाळिशीच्या, घाईत असलेल्या, दोन फोन बाळगणाऱ्या. बरोबर एक फोटो काढणारी बाई, तिचे दोन मोठे दिवे. सरही आले होते, पण बायकांच्या खोलीत त्यांना प्रवेश कसला? ते दाराबाहेर उभे राहून आतल्या कार्यक्रमाचं संचालन करू लागले.

फोटोवाली म्हणाली, "केस ओले असतील तरच फोटो खरा वाटेल." अधिकारीबाईंनी आढेवेढे घेतले, पण शिट्टीताईने त्यांच्या हातात पंचा दिला आणि फवाऱ्याखाली उभं केलं. मग सहा बायका सहा ड्रायरखाली उभ्या राहिल्या. मध्ये अधिकारीबाई, बाजूला तळटीप.

"सगळे एकदम चालू करा!" बाहेरून सर ओरडले.

सहा ड्रायर आणि दोन मोठे दिवे एकदम चालू झाले. क्षणभर सगळं झगझगीत दिसलं. मग भिंतीच्या आत कुठेतरी 'फट्' असा आवाज झाला आणि दिवे गेले, ड्रायर गेले, तलावाचा पंपही गेला. उंच झरोक्यातून येणारा फिकट उजेड तेवढा राहिला.

"काय झालं? फोटो झाला का?" सरांचा आवाज.

फोटो झाला नव्हता. वीजतंत्र्याला बोलावणं गेलं. तो कुठल्यातरी शाळेत अडकला होता, येतो म्हणाला. बाहेर कडाक्याची थंडी, डोकी ओली. बायकांनी पंचे गुंडाळले आणि एकेक करून बाकावर बसल्या. अधिकारीबाईंना जागा नव्हती. पाववाली सरकली. "या. उभ्या किती राहणार?"

अधिकारीबाईंनी सवयीने फोन काढला, तर आतल्या खोलीत त्याला रेंज नव्हती. दुसराही तसाच. तेवढ्यात त्यांच्या दंडावर एक सुरकुतलेला हात पडला.

"बस," आजीबाई म्हणाल्या.

"बसलेच आहे मी," अधिकारीबाई म्हणाल्या.

"हलू नका फक्त," नर्सने समजावलं. "वेणी. दुखणार नाही. थोडं दुखेल."

वेणी सुरू झाली. डोकं मागे ओढलं गेलं तसे अधिकारीबाईंचे खांदे खाली आले. पाववालीने विचारलं, "तुम्ही इथल्याच का?" त्या म्हणाल्या, नाही, बदली होऊन आल्या, वर्ष होत आलं. घर मिळालंय, पण घरात बोलायला कुणी नाही. मुलगी वसतिगृहात. रविवार कसा घालवायचा ते कळत नाही. हे सगळं त्या अशा सांगत गेल्या, जणू फवाऱ्याखाली त्यांचं हुद्द्याचं ओझंही वाहून गेलं होतं. मग पाववालीने भट्टीच्या वेळा सांगितल्या, नर्सने झोप येत नाही का, कधीपासून, असं विचारलं, आणि शिट्टीताई, जी एरवी बाकावर कधी बसत नसे, तिने स्वतः या शहरात नवी असताना पुरुषांच्या वेळेत चुकून तलावात शिरल्याची गोष्ट अशी रंगवली की हसण्याच्या आवाजाने सरांनी दारावर टकटक केली.

"आत सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम आहे!" अधिकारीबाई ओरडल्या. "तुम्ही जा, सर!"

वीजतंत्री आला तेव्हा निम्म्यांचे केस नुसत्या बसण्यानेच वाळले होते. त्याने बाहेरच्या पेटीत डोकं घातलं आणि तिथूनच सांगितलं, "ही वायर जुनी आहे. सहा एकदम लावाल तर जळेल. एका वेळी एकच लावा. जास्तीत जास्त दोन. सगळ्या इमारतीची वायर नव्याने करायची तर नगरपालिकेने मंजुरी दिली पाहिजे."

सगळ्या बायकांनी अधिकारीबाईंकडे पाहिलं. त्यांच्या पाठीवर तोवर वेणी लखलखत होती.

"बघू," त्या सावकाश म्हणाल्या. "अशा कामांना वेळ लागतो. फायली असतात."

"लागू द्या की," पाववाली म्हणाली. "घाई कुणाला आहे?"

एकच ड्रायर लावायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी पाटी लावली नाही, बायकांनी आपसांत पाळलं. शेवटच्या अहवालात तळटीपने झालं ते सगळं लिहिलं, स्वतःच्या चुकीसकट. सर आधी जरा खट्टू झाले. पण मोठ्या परिषदेत तिने तो वाचला तेव्हा सभागृह हसून हसून लोटपोट झालं आणि बाहेर तिच्याभोवती गर्दी जमली. त्यावर सर म्हणाले, "मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो." एका विद्वान गृहस्थांनी मात्र उठून विचारलं होतं, "म्हणजे सगळीकडची यंत्रं बिघडवावीत असं आपलं म्हणणं आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "बाक ठेवावेत."

प्रकल्प संपला, पण तिचं तलावावर जाणं संपलं नाही. आणि एका रविवारी तिच्या घराची घंटा वाजली. नवऱ्याने दार उघडलं तर पाववाली उभी, तिच्या मागे नर्स, आजीबाई, अधिकारीबाई आणि सगळ्यांत शेवटी शिट्टीताई, गळ्यात शिट्टीशिवाय, त्यामुळे ओळखूच येईना. तळटीपने सगळ्यांना बोलावलं होतं आणि भीतीपोटी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं, न आल्या तर काय, म्हणून.

सासूबाई क्षणात तयार झाल्या. खुर्च्या पुरेनात, तेव्हा पलंगावरच्या गाद्या खाली आल्या. आजीबाईंनी सासूबाईंचे पांढरे मोकळे केस बघितले, "बस" म्हणाल्या, आणि सासूबाई निमूट बसल्या, जे त्यांच्या सुनेने इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पाववाली स्वयंपाकघरात शिरून कपाटं उघडू लागली. नर्स नवऱ्याला कुठल्याशा गोळ्यांचा भाव विचारत होती.

नवऱ्याने बायकोला कोपऱ्यात घेतलं. "यातलं संशोधन किती गं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तू आधण ठेव. आणि जास्त ठेव, आपल्या शहरातल्या बायकांना चहा फार लागतो."